मोडेल पण वाकणार नाही

६ जानेवारी

ही वही खरं तर पोरीची. पुढच्या बाजूनं ती लिहिते, आज किती किलो उचलले, किती वेळा, कंबर दुखली का. मागची पानं कोरी होती, ती मी घेतली. पुढून ती लोखंड उचलते, मागून मी लोकांना उचलते.

आज पोरीला शिकवणाऱ्या सरांनी आमच्या जिममधला बार फरशीवर आडवा ठेवला आणि पायानं ढकलला. सरळ जायचं सोडून तो झिंगल्यासारखा डुलत डुलत भिंतीला जाऊन धडकला. सर म्हणाले, "काकू, हा वाकलाय. आज नाही, वर्ष झालं असेल. म्हणून ही डाव्या बाजूला कलून उठते."

पोरगी डाव्या खांद्यावरून हात फिरवत राहिली.

हा बार यांनी आणलेला. हे जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून शटर मी उघडते, फरशी मी पुसते, आणि फी बुडवणाऱ्यांना मीच टोमणे मारते. म्हणलं, "सर, एवढी वर्षं एवढ्यांचं ओझं घेतल्यावर माणूससुद्धा वाकतो, हा तर बार आहे."

कुणी हसलं नाही. कारण निवड चाचणी ८ मार्चला आहे. बार खांद्यावर घेऊन बसायचं आणि उठायचं, एकशेचाळीस किलो. पोरीचे एकशेतीस होतात. चाचणीत पहिल्या तिघींत आली तर खेळाडूंच्या जागेवर नोकरी, राहायला खोली. चोविसावं सरेल तिचं या वर्षी. पुढच्या वर्षी त्या जागेला वय बसत नाही. एकदाच काय ते.

नवा बार पाहिजे.

९ जानेवारी

दुकानात गेलो, मी आणि पोरगी. दुकानदार गळ्यात टाय बांधून बसलेला. तेही लोखंडाच्या दुकानात. मी हळूच पोरीला म्हणलं, "हा स्वतःच बांधलेला आहे, पळून जायला नको म्हणून." ती म्हणाली, "आई, इथं तरी गप्प बस."

बाहेर देशातून आलेला बार दाखवला. टोकाचे नळे, ज्यात वजनाच्या तबकड्या घालतात, ते बोटानं फिरवले तर फिरतच राहिले, आवाज नाही. मुठीला पकड यावी म्हणून जी जाळी कोरलेली असते ती एकसारखी बारीक. पोरीनं डोळे मिटून दोन्ही हात त्यावर ठेवले. तिला मुलगा दाखवायला आणलं असतं तर त्याच्याकडं तिनं इतकं नीट बघितलं नसतं.

मग टायवाल्यानं दोन्ही टोकांना वजनं चढवली आणि बार रॅकवर ठेवला. दोन्ही टोकं खाली लवली! डोळ्यांना दिसतील इतकी. मी म्हणलं, "अहो, एवढा महागाचा पाहुणा आणि आल्या आल्या पाया पडतोय?"

टायवाला म्हणाला, "आजी, तो असाच असतो."

आजी! छप्पन्नची आहे मी.

बार गोडाऊनमध्ये आहे, मागणीचा फॉर्म भरून दिला की आठ दिवसांत येईल. जिम माझ्या नावावर, म्हणून फॉर्मवर सही माझी लागते. फॉर्म घरी आणला.

१० जानेवारी

सरांना विचारलं, लवणारा बार कशाला हवा. ते खडू घेऊन भिंतीवर काढून दाखवायला लागले. चांगला बार वजनाखाली थोडा लवतो, आणि वजन काढलं की होता तसा सरळ होतो. आपला लवला आणि तसाच राहिला.

म्हणलं, "ओझं आलं की लवायचं आणि ओझं उतरलं की परत सरळ. सर, मला असा नवरा शोधायला पाहिजे होता."

सर लाजले. पोरगी हसली. तिचं हसू महिन्यातून दोनदाच दिसतं, म्हणून लिहून ठेवलं.

१३ जानेवारी

भावजी आले. यांचे धाकटे भाऊ. लेथ मशीनवर आयुष्य गेलं त्यांचं, लग्न केलं नाही. मी म्हणते, "लेथशी झालंय तुमचं, आणि तीच तुम्हाला फिरवते." पूर्वी हसायचे. आता कारखाने त्यांच्याकडं काम देत नाहीत. दिवसभर वर्कशॉपात बसून पुसलेलंच मशीन पुन्हा पुसतात.

नव्या बारचं ऐकून त्यांचा चेहरा पडला. "वहिनी, घरात लेथ असताना परक्याचं लोखंड आणणार? मोडीत निघालेल्या छापखान्याचा एक दांडा आहे माझ्याकडं. असलं लोखंड आता बघायला मिळत नाही. मी करतो."

पोरगी म्हणाली, "काका, पॉवरलिफ्टिंगचा बार वेगळा असतो."

"तुझ्या बापाचे डंबेल कुणी केले?"

"डंबेल डोक्यावर पडले तरी माणूस वाचतो काका."

मी दोघांना चहा दिला आणि दोघांना चिडवलं. भांडण मिटवायची माझी तीच पद्धत आहे.

नंतर पोरगी त्या नोकरीचं सांगत बसली. गाडीनं अठरा तास. खोली एकटीची असते, दुसऱ्या माणसाला राहायची परवानगी नाही. "मी दर चार महिन्यांनी येईन ना," म्हणाली. मी म्हणलं, "कशाला येतेस, मी जरा मोकळी होईन. तुझे सहा अंड्यांचे पिवळे बलक मला खायला लागतात, त्यातून सुटेन."

फॉर्म उद्या भरते.

१७ जानेवारी

फॉर्म भरायचा राहिला. परवा चष्मा सापडत नव्हता. काल पेन चालेना. आज सगळं होतं आणि मी पितळेचे डबे घासत बसले, ज्यांच्याकडं वर्षभर बघितलं नव्हतं.

संध्याकाळी पोरीनं विचारलं, "आई, दिलास ना फॉर्म?"

मी म्हणलं, "दिला. ते म्हणतात माल संपलाय, दोन महिने लागतील."

तोंडातून निघून गेलं. का बोलले ते मला पण कळलं नाही. भावजींसाठीच बोलले असणार. त्यांना काम मिळेल, पोरीला बार मिळेल. मी कुणाचं वाईट केलं?

ती म्हणाली, "बरं." थोडा वेळ माझ्याकडं बघितलं. मग भिंतीला टेकून स्ट्रेचिंग करत बसली.

२५ जानेवारी

वर्कशॉपात गेले होते. भावजी दहा वर्षांनी तरुण झालेत. दाढी केलेली, कानावर पेन्सिल. दांडा लेथवर चढवून तासला होता. मापापेक्षा एक सूत जाड ठेवलाय, "वजनदार पोरीला वजनदार बार." दोन्ही टोकांना नळे बसवायला दांडा बारीक केला, जिथं जाड संपतो आणि बारीक सुरू होतो तिथं चाकूनं कापल्यासारखा चोख काटकोन. मला दाखवला. "बघा, फिनिशिंग बघा."

आज त्याला कडक करायला पाणी द्यायचं होतं. कोयत्याला, विळ्याला देतात तसं. भट्टी लहान आणि दांडा लांब, म्हणून तुकड्या-तुकड्यानं तापवायचा. पाइप उभा चिरून त्याची पन्हाळ केली होती, त्यात पाणी. दांडा लाल झाला की पन्हाळीत. असा फुत्कार आला की मी दोन पावलं मागं सरले. म्हणलं, "भावजी, हा तर माझ्या सासूबाईंसारखा बोलतोय."

त्यांनी दोन्ही टोकांना एकदा सोडून दोनदा पाणी दिलं. "पोरीचा जीव आहे त्याच्यावर. कमी पडायला नको."

मग हातोडीनं वाजवला. घंटेसारखा आवाज. भावजी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, हा मोडेल पण वाकणार नाही!"

काटा आला अंगावर. म्हणलं, "आपल्या घराण्यावर गेलाय."

२८ जानेवारी

बार आला. काळा, जाड. दुकानातल्यासारखीच वजनं मी मुद्दाम चढवायला लावली. तसूभर लवला नाही. टायवाल्याचा पाहुणा आठवला. हा घरचा आहे, उगीच कुणाच्या पाया पडत नाही.

सरांनी नळ्याच्या आतल्या बाजूला, त्या चोख कोपऱ्यावर नख फिरवलं. "काकू, इथं गोलाई पाहिजे. असा कोपरा ठेवत नाहीत. आणि पाणी कितपत दिलंय?"

"भरपूर," मी म्हणलं. "मोडेल पण वाकणार नाही, म्हणालेत भावजी."

"काकू, हीच तर भीती आहे."

सरांना म्हणी कळत नाहीत.

ते म्हणाले, यावर शंभराच्या वर मी चढवणार नाही. भावजी तिथंच उभे होते, हातात तेलाचं फडकं. त्यांचा चेहरा बघवेना. मग मी माझ्या नेहमीच्या पद्धतीनं हसत म्हणलं, "सर, त्या टायवाल्याशी काही ठरलंय का तुमचं? एखादा टाय मिळणार आहे का?"

जिममधली सगळी पोरं-पोरी हसली. सरांचे कान लाल झाले. ते जाऊन पोरीच्या मागं उभे राहिले. पोरीनं खडूची पूड हाताला लावली आणि बार खांद्यावर घेतला. सरळ उठली. डावीकडं न कलता, वर्षात पहिल्यांदा.

मी भावजींकडं बघून डोळा मारला.

४ फेब्रुवारी

एकशेपस्तीस! भावजी रॅकशेजारी उभे होते, स्वतःच उचलल्यासारखे घामाघूम. पोरगी उठली तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले भट्टीचा धूर गेलाय डोळ्यात. भट्टी दोन मैलांवर!

सरांनी वहीत आकडा लिहिला. माझ्याशी कामापुरतं बोलतात. टायचं मनाला लावून घेतलं वाटतं. एवढं काय.

पोरीनं कपाटावरची बॅग काढून उन्हात ठेवली. मी म्हणलं, "अजून निवड नाही झाली आणि निघाली बॅग?" ती म्हणाली, "वास येतोय तिला, आई."

मला तर आला नाही.

११ फेब्रुवारी

पोरगी म्हणाली, बार खाली ठेवताना उजव्या बाजूला 'कट्' असा आवाज येतो. बारीकसा.

सर म्हणाले, "थांबूया. जुनाच वापरू."

पोरगी माझ्याकडं बघत होती. सरांकडं नाही, माझ्याकडं. मी म्हणलं, "नवी चप्पलसुद्धा आठ दिवस करकरते गं." भावजींना फोन केला, ते धावत आले, नळे काढून तेल घातलं, पुन्हा बसवले. आवाज थांबला. म्हणाले, बेअरिंग कोरडं होतं.

"काका म्हणतात ना, मग झालं," पोरगी म्हणाली.

१४ फेब्रुवारी

बार मोडला.

२० फेब्रुवारी

आज लिहिता येतंय.

एकशेसदतीस होते. ती खाली बसली, उठायला लागली, अर्ध्यात आली, आणि उजव्या टोकाचा नळा तबकड्यांसकट दांड्यापासून सुटला. वाकला नाही. आधी काही इशारा दिला नाही. फांदी मोडल्यासारखा आवाज. उजवीकडं काही राहिलं नाही आणि डावीकडं सगळं वजन. बार तिच्या मानेवर गर्रकन फिरला आणि तिला घेऊन आपटला. सर मागं होते, त्यांनी तिला धरली होती. त्यांचं मनगट मोडलं. त्या टायच्या गोष्टीनंतरही रोज तिच्या मागं ते उभे राहत होते.

ती फरशीवर पडली होती आणि शांतपणे म्हणाली, "आई, माझे पाय सरळ कर ना."

सरळच होते.

मोडलेली जागा मी बघितली. आतून राखाडी, साखरेच्या खड्यासारखी कणीदार. आणि कडेला नखाएवढा भाग काळा. सरांनी सांगितलं, तो भाग आधीपासून चिरलेला होता, पाण्यात घातला तेव्हापासून. अगदी त्या कोपऱ्यात.

२४ फेब्रुवारी

डॉक्टर बाई तरुण आहेत. मणक्याचं ऑपरेशन झालं. म्हणाल्या, "सहा महिने बघू." मी विचारलं, "सहा महिन्यांनी चालेल?" त्या म्हणाल्या, "सहा महिन्यांनी कळेल."

वॉर्डात दहा खाटा, तिची खिडकीजवळची. नर्सनं तिच्या तळपायाला पेनाचं टोक लावलं आणि विचारलं, कळतंय का. ती म्हणाली, "लावा ना मग." लावूनच झालं होतं.

भावजी रोज येतात आणि खाली फाटकाशी बसतात. वर येत नाहीत. आज मी गेले खाली. म्हणाले, "वहिनी, मी पाणी जास्त दिलं. कमी दिलं असतं तर नुसता वाकला असता. माझ्या हातानं झालं." लेथ भंगारवाल्याला दिली म्हणे.

मी म्हणू शकत होते की भावजी, दुकानातला बार आठ दिवसांत येत होता, मी आणू दिला नाही. तोंड उघडलं आणि म्हणलं, "काही खाल्लंत का?"

८ मार्च

आज चाचणी होती. वॉर्डातली घड्याळं बंद असती तर बरं झालं असतं. दहा वाजता तिनं विचारलं किती वाजले. अकराला विचारलं. एक वाजता म्हणाली, "झालं असेल आता," आणि भिंतीकडं तोंड केलं. कूस बदलता येत नाही, नुसती मानच.

१५ मार्च

घरी आणली. शेजारीण बघायला आली. चांगली बाई आहे, पण म्हणाली, "एका अर्थी बरं झालं समजा. लेक जवळ राहिली तुमच्या. नाहीतर एकट्या पडल्या असता."

मी तिला हाकलून दिलं. खरंच हाकललं, दंडाला धरून. आजवर कुणी काही बोललं तर मी दुप्पट बोलले आहे, पण हात लावला नव्हता. ती जिन्यात रडत उभी होती आणि मी आत दाराला पाठ लावून.

मला राग कशाचा आला ते मी किती तरी वेळ शोधत होते.

१८ मार्च

तिला खाटेवरून खुर्चीत घ्यायचं असतं. पहिल्या दिवशी माझी पाठ धरली आणि दोघी खाटेवर कोसळलो. मग ती शिकवायला लागली. तोंड वाकडं करून, पण नीट. "पाय लांब ठेव. गुडघ्यात बस, कमरेत वाकू नकोस. मला छातीला लावून घे. श्वास भर, पोट आवळ. आता."

एकोणसाठ किलो आहे ती.

मी म्हणलं, "तुझ्या सरांनी मला का नाही शिकवलं? मी गेले असते चाचणीला, म्हाताऱ्यांच्या गटात." ती हसली नाही. महिन्याची दोन्ही हसू संपली वाटतं, मी म्हणलं. तेही चाललं नाही.

२० मार्च

आज खुर्चीत बसल्यावर ती एकदम म्हणाली, "आई, मी दुकानात फोन केला होता."

"कधी?"

"जानेवारीत. तू म्हणालीस ना माल संपलाय. त्यांनी सांगितलं, बार पडून आहे, तुमचा फॉर्मच आला नाही." मग म्हणाली, "मला कळलं, तुला काकांचं मन राखायचंय. बाबांच्या माघारी त्यांना कुणी नाही. म्हणून मी बोलले नाही. 'कट्' आवाज आला तेव्हा पण नाही बोलले. तू स्वतःला खाऊ नकोस. तू चांगल्यासाठीच केलंस."

मला किती सोपं होतं. नुसतं हो म्हणायचं.

मी म्हणलं, "हो."

आणि दूध तापवायला गेले. दूध उतू गेलं तरी तिथंच उभी.

२१ मार्च

सकाळी सांगितलं. ती खाटेवर, मी खुर्चीत.

म्हणलं, "भावजींचं मन वगैरे काही नव्हतं. भावजी मला आडोशाला सापडले. अठरा तासांची गाडी आणि एकटीची खोली, एवढंच होतं माझ्या डोक्यात. बार आला असता तर तू गेली असतीस. मी काही ठरवून नाही केलं. पण पेन चालत होतं."

बोलताना मी चेष्टा करायचा प्रयत्न नाही केला. सवय आहे, जीभ वळत होती, दाबून धरली.

ती छताकडं बघत राहिली. रागावेल, रडेल, काहीतरी फेकेल असं वाटलं. हात तर चांगले आहेत तिचे. काही नाही. बाहेर कुणीतरी बादली भरत होतं, ती भरून वाहायला लागली, नळ बंद झाला.

मी दुपारी भावजींना फोन करून बोलावलं. त्यांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खाली बसले, मग म्हणाले, "पण पाणी मीच दिलं ना वहिनी." त्यांच्या मनातून ते निघणार नाही. मी सांगायला उशीर केला.

२३ मार्च

दोन दिवस झाले. ती माझ्याशी बोलत नाही. पण दुसरं कुणी नाही तिला उचलायला, म्हणून खाटेवरून घेताना तेवढं सांगते. आज सकाळी मी पाय लांब ठेवले, गुडघ्यात बसले, तिला छातीला लावली. तिनं हात माझ्या मानेमागं बांधले. तोंड दुसरीकडं.

"श्वास भर," म्हणाली.

भरला.

"पोट आवळ."

आवळलं. उचलली. मधेच, खाट आणि खुर्चीच्या मधे, माझे पाय थरथरायला लागले. तिला कळलं. तिची बोटं माझ्या मानेवर घट्ट झाली, नखं रुतली.

"सोडू नकोस," म्हणाली.

श्वासाचंच म्हणत असेल.